सेकंदाचा पट

जळालेल्या मोटरीचा वास आमच्या गावात शेंबडं पोरगंही ओळखतं. रब्बीचा हंगाम, रात्रीची थ्री फेज, त्यात व्होल्टेज पडलेलं. विहिरीवरची मोटर हूं हूं करत अडकून बसते आणि सकाळी तिचा मालक ती मोटरसायकलवर पोत्यात बांधून माझ्या मावसभावाच्या वाइंडिंगच्या दुकानात आणतो. त्यामुळं जानेवारीतल्या त्या रविवारी संध्याकाळी दुकानात तो वास सुटला, तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंही नाही. वास मोटरीचा नसून पिनबॉलच्या मशीनमधून येतोय, हे कळल्यावर मात्र सगळे उठले. मशीनवरची चादर निघून तेव्हा जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती.

पहिल्यापासून सांगतो. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वेच्या बाजूला. माझं सेवा केंद्र आणि भावाचं दुकान यांच्यामध्ये एक टिनाचा पत्रा आहे. मी इकडं दिवसभर सातबारे काढतो, उत्पन्नाचे दाखले काढतो, पीकविम्याचे फॉर्म भरतो, आणि सर्व्हर बसला की पत्र्यापलीकडं जाऊन चहा पितो. दिवाळीनंतर दोन महिने तिकडून कटर आणि ड्रिलचा आवाज येत होता. विचारलं की म्हणायचा, ‘काही नाही, फ्रेम बनवून रायलो.’ कशाची फ्रेम ते सांगत नव्हता.

पिनबॉल म्हणजे काय हे आमच्या पिढीला एम-एस-सी-आय-टीच्या क्लासनं शिकवलं. तालुक्याच्या गावी क्लास, बारा कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज एक्सपी. सर बाहेर गेले की स्टार्ट, प्रोग्राम्स, गेम्स, आणि तिथं तो निळा-जांभळा अंतराळातला फळा उघडायचा. वरून येणारी गोळी तळाच्या दोन फळ्यांनी परत वर मारत राहायची, एवढाच खेळ. डावी फळी झेडला, उजवी स्लॅशला, गोळी सोडायला स्पेसबार. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांची बोटं या तीनच बटणांवर पक्की बसली, बाकीचा कीबोर्ड नंतर शिकलो. पुढं विंडोज बदलली आणि तो खेळ दिसेनासा झाला. कारण मला फार उशिरा कळलं. चौसष्ट बिटच्या विंडोजवर नेताना गोळी भुतासारखी वस्तूंच्या आरपार जायला लागली, चूक कुठं आहे ते सापडेना, म्हणून त्यांनी खेळच काढून टाकला. मायक्रोसॉफ्टच्याच एका इंजिनिअरनं हे लिहून ठेवलंय.

खरं तर त्याच्याही आधी आम्ही तो खेळलो होतो, नाव माहीत नव्हतं एवढंच. जत्रेत एक माणूस तिरकी फळी घेऊन बसायचा. फळीवर खिळ्यांची रांगोळी, खाली खण, खणांवर आकडे. स्प्रिंगचा दांडा ओढून गोटी सोडायची, ती खिळ्यांवर टणटण आपटत कुठल्या तरी खणात पडायची, आणि तो खण नेमका रिकामा असायचा. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट अमेरिकेत मॉंटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं १८७१ साली घेतलं. तिथून पुढं शहात्तर वर्षं जगभरचा पिनबॉल आमच्या जत्रेतल्या फळीसारखाच होता. एकदा सोडली की सोडली. १९४७ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीनं ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाच्या मशीनवर विजेवर हलणाऱ्या सहा फळ्या बसवल्या. म्हणजे फ्लिपर. खाली येणारी गोळी परत वर मारता यायला लागली. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यानं दुसऱ्या एका कंपनीच्या मशीनवर सहांऐवजी दोनच फळ्या ठेवल्या, पार तळाशी. आज पिनबॉल म्हटलं की डोळ्यापुढं येतात त्या याच दोन.

माझ्या भावाला यातलं काहीएक माहीत नव्हतं. त्याचा पुतण्या अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे. त्यानं दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, कुणी तरी मशीनची काच काढून फळा उचलून धरलाय आणि खाली नुसत्या कॉइली, वायरी, कॉइली. बाकीच्यांनी वरचे रंगीत दिवे पाहिले. यानं खालची बाजू पाहिली.

‘यात काय हाय? सारी कॉइलच तं हाय.’

सोळाव्या वर्षापासून हा माणूस तांब्याची तार गुंडाळतोय. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला किती वेढे, कुठल्या गेजची तार, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. बोटाएवढ्या कॉइलीत लोखंडाचा दांडा खटकन ओढला जातो आणि त्याला बांधलेली फळी वर उडते, एवढंच ते काम आहे. त्याला ते पोरखेळ वाटलं. तसं ते नव्हतं, ते पुढं येईलच.

तर रविवारी चादर काढली. खोक्याच्या कपाळावर गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्या आमच्या पेंटरनं लिहिलेलं होतं: ‘सेकंदाचा पट’.

ज्यांना पट म्हणजे फक्त बुद्धिबळाचा माहीत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. कुठं दोन जोड्या शेजारी धावतात, कुठं जोडी एकटीच घड्याळाशी धावते. त्या दुसऱ्याला सेकंदाचा पट म्हणायचं. निकाल सेकंदाच्या अंशावर. जोडी हाकणारा तो धुरकरी. आमच्या भागात तळेगाव दशासरचा पट म्हणजे काय असतो ते जो गेला त्यालाच ठाऊक, मी सांगत बसत नाही.

पहिल्या नजरेत मशीन कसं वाटलं? खरं सांगायचं तर चित्र पाहून मी हिरमुसलो. आकाश संत्र्याच्या बर्फीसारखं, बैलांच्या पापण्या सिनेमातल्या बाईसारख्या, आणि धुरकऱ्याचे दोन्ही हात डावे. भावाला म्हणालो नाही. पेंटर शेजारीच उभा होता.

मग खाली वाकून पाहिलं आणि मत बदलायला लागलं. फळा अठरा मिलीमीटरच्या प्लायचा, त्यावर सुताराकडून चार हात पॉलिश मारलेलं, अंगठा घासला तर चूं वाजेल असं. रबर सगळे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे कापलेले. गोळी भंगारातल्या बेअरिंगची. पंचवीस मिलीमीटर भरली, आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर चौसष्ट ग्रॅम. कारखान्यातल्या मशीनमधली गोळी सत्तावीस मिलीमीटरची आणि ऐंशी ग्रॅमची असते. दोन मिलीमीटरनं सोळा ग्रॅम कमी होतात यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला, शेवटी पुतण्यानं घनफळ काढून दाखवलं. उतार त्यानं मोबाइलवर मोजून साडेसहा अंश ठेवलेला. भावाच्या भाषेत, बेचाळीस इंचाला पावणेपाच इंच चढ. परदेशातली मशीनही साधारण एवढ्याच उतारावर असतात.

आणि वीज? फ्लिपरच्या कॉइलला अठ्ठेचाळीस व्होल्ट पाहिजे, तर त्यानं फवारणीच्या पंपांच्या चार बॅटऱ्या ओळीनं जोडल्या होत्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. थंडीत पंप गोठ्याच्या खुंटीला लटकलेले असतात, मागितली तर कोण नाही म्हणेल? बॅटऱ्यांवर मालकांची नावं मार्करनं लिहिलेली होती, ती तशीच होती. लोडशेडिंग झालं तरी खेळ बंद पडणार नाही ही त्यातली आणखी एक गंमत.

पण मला जिंकलं ते डाव्या बाजूच्या एका सरळ पट्टीनं. फळ्याच्या डाव्या कडेनं अठ्ठावीस इंचांची एक अरुंद गल्ली वर जाते. तिच्या तोंडाशी एक सेन्सर, शेवटी दुसरा. उजव्या फ्लिपरनं नेम धरून गोळी त्या गल्लीत घातली की पहिल्या सेन्सरवर घड्याळ सुरू, दुसऱ्यावर बंद, आणि कपाळावरच्या लाल आकड्यांत वेळ येते. ०.५२. ०.४७. वरच्या बाजूला दोन गोळ्या मावतील असा एक खोबणा आहे. ठरलेल्या वेळेच्या आत दोनदा गेलात तर दोन गोळ्या तिथं शेजारी शेजारी उभ्या राहतात, स्पीकरमधून डफडं वाजतं, आणि मग दोन्ही एकदम खाली सुटतात. जमलेली पोट्टी ओरडली, ‘जोडी सुटली!’ त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी बरेच दिवस रात्री जेवणं झाल्यावर पिनबॉलचे व्हिडिओ पाहतो, म्हणून हे जरा अधिकारानं बोलतो. विषय घेऊन मशीन बनवणं म्हणजे बहुतेक वेळा नावाजलेल्या गोष्टीची चित्रं चिकटवणं. फळा तोच, खालच्या कॉइली त्याच, वर आज हा नट, उद्या तो बँड. चांगल्या मशीनमध्ये विषय गोळीच्या वागण्यात उतरतो. १९९२ सालच्या ‘ॲडम्स फॅमिली’ या मशीनमध्ये फळ्याखाली लोहचुंबक आहेत. भुताटकी सुरू झाली की गोळी नीट जाता जाता मध्येच हिसका खाते, आणि एका पेटीतून हात बाहेर येऊन गोळी उचलून नेतो. त्या मशीनचे २०,२७० नग विकले गेले. १९९७ सालच्या ‘मिडीव्हल मॅडनेस’मध्ये समोर किल्ला आहे, गोळीचे तडाखे खाऊन तो खरोखर ढासळतो. तिथं चित्र पुसून टाकलं तरी कळेल की किल्ला पाडतोय. आमच्या पेंटरचे पापण्यांवाले बैल पुसून टाकले तरी ‘सेकंदाचा पट’ हा पटच राहील. त्या गल्लीत तुम्ही गोळी घालता, आणि नंतर जे काही होतं ते घड्याळ आणि गोळी यांच्यातलं असतं. मार दिल्याच्या क्षणी तुमचं काम संपलेलं असतं.

तक्रारीही सांगून टाकतो. उजवा फ्लिपर डाव्यापेक्षा ढिला वाटतो, म्हणजे नेमका गल्लीत मारणाराच ढिला. दोन फ्लिपरच्या मधली फट एवढी की मधोमध आलेली गोळी सरळ खड्ड्यात, बघत बसायचं. आकड्यांचा बोर्ड शहरातल्या एका दुकानातून आणलेला, त्यात आठाची मधली दांडी पेटत नाही, त्यामुळं ०.४८ आहे की ०.४० यावर भांडणं. दुकानदार बदलून देत नाही. आणि नाव टाकायची सोय फक्त इंग्रजी तीन अक्षरांत, म्हणून पहिल्या दिवशी यादीत सात जणांचं नाव एकच होतं.

आता वासाकडं येतो.

मोठे बाबा आले ते साडेसहाला. आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. वय पंच्याहत्तरच्या वर, गुडघे गेलेले, पण हात अजून धुरकऱ्याचा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, त्या वर्षी त्यांनी जोडी विकली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानंही ती कायम केली, पण तोवर त्यांचे गुडघे परवानगी देईनात. पट पाहायला जातात आणि घरी येऊन सगळ्या धुरकऱ्यांना शिव्या देतात.

पोरं दणादण दोन्ही बटणं दाबत होती. मोठे बाबा पाच मिनिटं नुसते पाहत उभे राहिले. मग म्हणाले, ‘कावून बे, जोडीले असं हाणते काय कोणी? सरका.’

त्यांनी बटणावर हात ठेवला आणि पहिलीच खाली येणारी गोळी मारली नाही. उजवा फ्लिपर उचलून धरला. गोळी घरंगळत आली, फ्लिपरच्या खोबणीत बसली, डोलली आणि थांबली. व्हिडिओतले मोठे खेळाडू हे करतात, त्याला वेगळं नाव आहे, ते शिकायला महिने जातात. मोठ्या बाबांना ते शिकायचं नव्हतं. सुटायच्या रेषेवर जोडी धरून ठेवायची, हे त्यांच्या मनगटात होतंच. मग बटण सोडलं, गोळी फ्लिपरवरून हळू खाली सरकत टोकाकडं गेली, ‘येऊ दे, येऊ दे’ असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि खट्. ०.३६. आम्ही तोवर कुणी चाळीसच्या खाली गेलो नव्हतो.

झालं. गर्दी वाढली. मोठे बाबा रंगात आले. पुढची गोळी त्यांनी अशीच धरली आणि धरल्या धरल्या एका जुन्या पटाची हकिगत सुरू केली. पंचवीस वर्षांपूर्वीची ती जोडी, तिचा रंग, तिच्या मालकाची खोड, रेषेवर ती कशी थरथरत उभी होती. अंगठा बटणावर दाबलेलाच. गोळी खोबणीत शांत. आम्ही ऐकतोय. जोडी सुटायच्या आतच वास सुटला.

‘मोठे बाबा, हात सोडा! हात सोडा!’

फ्लिपर उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच करंट तो वर धरून ठेवतानाही कॉइलमधून वाहत होता. क्षणभर ठीक. हकिगतभर नाही. भावानं फळा उचलला, खालून धुराची एक बारीक वळी आली, आणि तो त्या काळ्या पडलेल्या कॉइलीकडं बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं आता चिडणार. तो एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘अबे, हे तं आपलं स्टार्टिंग-रनिंग हाय!’

घरगुती सिंगल फेज मोटरीत दोन वाइंडिंग असतात. सुरू व्हायला जोर देणारं एक आणि फिरत ठेवणारं दुसरं. मोटरीनं वेग घेतला की आतला स्विच पहिल्याला बाजूला करतो, नाही तर ते जळतं. रोज दोन-चार मोटरी तो याच कारणासाठी उघडतो. पिनबॉलचा फ्लिपरही हेच मागतो. मारायला जाड तारेचे थोडे वेढे, धरून ठेवायला बारीक तारेचे पुष्कळ, आणि फ्लिपर पूर्ण वर गेला की एक छोटा स्विच उघडून करंट बारीक तारेतूनही फिरायला लावायचा. शिकागोच्या कारखान्यांनी हे कित्येक दशकांपूर्वी करून ठेवलंय. व्हिडिओत ते दिसतही होतं, एका कॉइलला दोनऐवजी तीन वायरी होत्या. यानं तिसरी पाहिली नव्हती. त्या रात्री अकराला त्यानं नवी कॉइल गुंडाळून बसवली, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी हकिगत पूर्ण केली. जोडी दुसरी आली होती.

तिसऱ्या दिवशी दुसराच त्रास. ज्यांची गोळी मधल्या फटीतून जायची ते मशीनला मांडीनं ढकलायला लागले. एकानं तर पुढचे दोन पाय उचललेच. त्यावर भावानं गवंड्याचा लहान ओळंबा एका लोखंडी कड्यात लटकवला. मशीन हललं, ओळंबा कड्याला टेकला, की फ्लिपर मेले आणि गोळी गेली. कारखान्यातल्या मशीनमध्येही ओळंबाच असतो, हे मी त्याला सांगितलं. १९३० च्या दशकात हॅरी विल्यम्स हा माणूस याच त्रासाला कंटाळला होता. लोक खालून थापा मारून गोळी वळवतात म्हणून त्यानं आधी मशीनच्या बुडातून खिळे ठोकून टोकं बाहेर काढली. लोकांचे हात फाटतील हे लक्षात आल्यावर तो विचार सोडून त्यानं हलवणाऱ्याचा खेळच बंद पाडणारी युक्ती काढली. पिनबॉलमध्ये तिला ‘टिल्ट’ म्हणतात.

खिळे म्हटल्यावर मोठे बाबा हसले. काठीच्या टोकाला खिळा ठोकला की आमच्याकडं बैलाला टोचायची तुतारी होते. आताच्या अटींत ती बंद आहे, तुतारी दिसली की जोडी बाद. पुतण्यानं लगेच प्रोग्राममध्ये बदल केला. आता मशीन हललं की आकड्यांच्या जागी बोर्ड लुकलुकतो आणि स्पीकरमधून मोठ्या बाबांचाच आवाज येतो, ‘तुतारी लावली, जोडी बाद!’ आवाज माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. मागं माझ्या प्रिंटरची घरघर ऐकू येते.

बंदीवरून आठवलं. न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर १९४२ पासून बंदी होती, जुगार म्हणून. मेयर ला गार्डिया यांनी पोलिसांकडून मशीन हातोड्यानं फोडवली. बंदी १९७६ साली उठली. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकानं नगरपरिषदेच्या लोकांसमोर मशीन मांडून खेळून दाखवलं. दांडा ओढण्याआधी सांगितलं, गोळी वरच्या मधल्या गल्लीतून जाईल, आणि ती गेली. चौतीस वर्षांची बंदी होती. आमची सात. हे सगळं मी मोठ्या बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘पहिल्याच खेपेत गेली?’

गेल्या गुरुवारी मी दुपारी पत्र्यापलीकडं गेलो तेव्हा भाऊ मशीनखाली वाकून पाना फिरवत होता आणि शेजारी एक शेतकरी उभा होता. हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती, त्याला त्याची बॅटरी हवी होती. नाव लिहिलेलंच होतं, वाद नव्हता. ‘पंधरा दिवसानं आणून देतो’ म्हणून तो बॅटरी पिशवीत घालून गेला.

राहिल्या तीन. छत्तीस व्होल्ट.

‘खेळून पाय बरं,’ भाऊ म्हणाला.

मी मोठ्या बाबांसारखी गोळी धरली. सोडली. टोकाशी येऊ दिली. मारली. ती गल्लीत शिरली, पहिला सेन्सर लागला, घड्याळ सुरू झालं. अर्ध्या गल्लीत तिचा दम गेला, क्षणभर ती उभी राहिली आणि मग आल्या वाटेनं निवांत परत यायला लागली. दुसरा सेन्सर वर अंधारात बसून होता. गोळी फ्लिपरवर आली, मी पुन्हा धरली. बोर्डावर ७.४१, ७.४२ चाललेलं होतं.

‘मोठ्या बाबाले बोलव,’ भाऊ आतून म्हणाला. मी गोळी तशीच धरून पुतण्याला हाक मारली. कॉइल गार होती.